‘ते गोळीनं होते’ म्हणून सोडू नका

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्या मैत्रिणींसाठी छापत आहोत.)

 

मला आज कर्जाच्या परतफेडीवर बोलायला सांगितलं होतं. अध्यक्ष ताईंना विचारून मी विषय बदलला आहे. परतफेडीचा तक्ता मागच्या भिंतीवर लावलाय, जेवणाच्या सुट्टीत बघून घ्या. कोणाचे हप्ते थकलेत ते तसंही सगळ्यांना माहीत आहे.

मला आधी एक कबुली द्यायची आहे. दोन-अडीच वर्षांपासून मी तुमच्या गावागावांत बैठकीला येते आणि रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल बोलते. तुम्ही विचारता, “ताई, गोळ्या खाल्ल्या का शी काळी होते, भेव वाटते न.” मी दर वेळी एकच उत्तर देते. लोहामुळे होते, घाबरायचं नाही, गोळी बंद करायची नाही. हे उत्तर खोटं नाही. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला माझ्या आईनं शिकवलं, आणि ते शिकवताना ती हातची जाता जाता राहिली.

माझी आई तुमच्यासारखीच गटातली बाई. सिंदेवाही तालुक्यात आमचं गाव. दोन एकर धानाची बांधी, बाकी दुसऱ्याच्या वावरात रोवणी, कापणी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर द्यायचे. पन्नाशी उलटली तशी तिची कंबर आणि गुडघे बोलायला लागले. रोवणीत दिवसभर वाकून चिखलात उभं राहणाऱ्या बाईला कंबरदुखी म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार!

त्यावर तिचा इलाज तोच, जो इथे बसलेल्या अर्ध्या जणींचा आहे. किराणा दुकानातली गोळी. सकाळी काळ्या चहासोबत उपाशीपोटी एक, संध्याकाळी एक. कधी दुकानदार तीन-चार रंगांच्या गोळ्यांची पुडी बांधून द्यायचा. त्या पुडीनं कसं अंग मोकळं व्हायचं! अशी तीन-चार वर्षं गेली.

या काळात तिचं रक्त उतरत होतं. उपकेंद्रात तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९ होतं. मी गोळ्या आणून दिल्या. पुढच्या वेळी ८ निघालं. मी तिला रागावले, “तू गोळ्या खातच नाहीस, उगाच खोटं बोलतेस.” ती म्हणाली, “खातो न बाई.” खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. ती गोळ्या खात होती. पण वरून ओतलेलं खालून गळत होतं. बांधीत पाणी सोडलं आणि धुऱ्याला खेकड्यानं बीळ केलं असेल, तर बांधी भरते का?

मागच्या वर्षी श्रावणात रोवणी संपत आली होती. मी तालुक्याला खोली करून राहते. आईचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी म्हणाली, “तीन-चार दिवस झाले, काळं काळं होते, डांबरावानी.” मी मोबाईल खांद्याला लावून अहवाल भरत होते. मी म्हटलं, “आई, ते गोळीनं होते.” ती गप्प बसली. नंतर शेजारणीनं विचारलं तर तिला म्हणाली, “काही नाही, पोरगी म्हणते गोळीनं होते.”

तिसऱ्या दिवशी सकाळी हापशीवर गुंड भरता भरता ती खाली बसली आणि उठलीच नाही.

बाया धावल्या. कोणी कांदा फोडला, कोणी लिंबूपाणी आणलं. एक म्हातारे म्हणाले बाहेरचं लागलं, पुजाऱ्याला बोलवा. तेवढ्यात आमच्या गावची आशा ताई आली. तिनं आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक. हात गार, घाम सुटलेला, नाडी पळत होती. मग तिनं विचारलं, “शी कशी होते?” आई म्हणाली काळी. आशा ताई तिथे थांबली नाही. तिनं पुढे विचारलं, “कशी काळी?”

मैत्रिणींनो, मी अडीच वर्षांत हा दुसरा प्रश्न एकीलाही विचारला नव्हता. म्हणून आज तो नीट सांगते, आणि लाजू नका.

लोहाच्या गोळीनं होणारी शी काळपट-हिरवट असते. ती बांधलेली असते, कधी कडकही असते, आणि वास नेहमीचाच. पोटात वरच्या भागात, म्हणजे जठरात किंवा आतड्याच्या सुरुवातीला रक्त वाहत असेल तर ते खाली येईपर्यंत पचतं आणि काळं पडतं. अशी शी डांबरासारखी असते. चकचकीत, चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारी. आणि तिचा वास वेगळा, सडका. एकदा आला की विसरत नाही. पण नुसत्या डोळ्यांनी दर वेळी कळेलच असं नाही. म्हणून काळ्या शीसोबत चक्कर, छातीत धडधड, चालताना दम, किंवा पोटाच्या खड्ड्यात जळजळ असेल, तर गोळ्या सुरू असोत नसोत, त्याच दिवशी दवाखाना. गोळ्या सुरूच नसताना काळी होत असेल तर मग विचारायचंच काम नाही. उलटी लाल झाली किंवा चहाच्या चोथ्यासारखी झाली तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि गोळ्या नीट खाऊनही रक्त वाढत नसेल तर तेही सांगायचं. आपल्याकडे सिकलसेल आहे, पोटात जंत आहेत, पाळीत जास्त अंगावर जाणं आहे, कारणं बरीच. पण ‘बाई गोळ्या खात नाही’ हे कारण सगळ्यात शेवटी धरायचं, जे मी सगळ्यात आधी धरलं.

आणखी एक अडचण आहे, ती शहरातल्या पुस्तकात सापडत नाही. ज्या घरी संडास नाही, किंवा आहे पण त्यात सरपण भरलंय, तिथली बाई पहाटे अंधारात बाहेर जाते. तिला रंग दिसणार कसा? माझ्या आईनं पाहिलं ते आठवडाभर पाऊस लागला होता आणि ती घरचा संडास वापरत होती म्हणून. तो पाऊस नसता तर तिला तेही कळलं नसतं.

आशा ताईनं १०८ ला फोन केला. आईच्या गटाच्या अध्यक्षांनी पेटी उघडून पाच हजार रुपये काढून बाबांच्या हातात दिले. बैठक नाही, ठराव नाही. गाडीत आईला उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, तिथून नागपूरच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. पोचलो तेव्हा रात्र झाली होती. हिमोग्लोबिन ५ च्या खाली होतं.

आधी रक्त चढवायचं होतं. मी बाही वर करून पुढे झाले. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. माझं निघालं १०.८. गावोगाव लोहाच्या गोळ्या सांगत फिरणारी मी, आणि माझ्याच अंगात रक्त नाही. तिथल्या सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघितल्या. रक्त माझ्या मामानं दिलं आणि आईच्या गटातल्या एका काकूच्या मुलानं दिलं. तो पोरगा रक्त देऊन कमजोर होईल म्हणून त्याची आजी फोनवर रडत होती. काही झालं नाही त्याला, दुसऱ्या दिवशी गावात बैल हाकत होता.

मग डॉक्टर आले. म्हणाले, दुर्बीण टाकून बघावं लागेल, गरज पडली तर क्लिप लावू. संमतीच्या कागदावर सही करा. बाबांनी हात मागे घेतला. “पोट फाडतात का जी?” मामा म्हणाला, घेऊन चला घरी, जे व्हायचं ते घरी होईल. माझं सांगते, मी एमएसडब्ल्यू केलंय, पण त्या घटकेला मलाही वाटलं की एवढ्या अशक्त बाईच्या पोटात आता काही घालू नये. त्या तरुण डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि एका कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढ्यावर बाबांनी सही केली. तेच चित्र आज मी तुम्हाला तोंडी दाखवते, म्हणजे तुमच्या घरी कधी वेळ आली तर तुमची पाच मिनिटं वाचतील.

पोट फाडत नाहीत. बाहेरून एक टाकासुद्धा नसतो. बोटाएवढी जाड, हातभर-दीड हात आत जाईल अशी एक लवचीक नळी असते, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. घशात कडू औषध फवारतात, घसा बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवतात आणि नळी दातांनी चावली जाऊ नये म्हणून तोंडात प्लास्टिकची कडी ठेवतात. नळी घशातून अन्ननलिकेत, तिथून जठरात, तिथून आतड्याच्या पहिल्या वळणात जाते. श्वासाची वाट वेगळी असते, त्यामुळे गुदमरत नाही. ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येतं, हे खरं आहे. आई म्हणते, “लई बेकार वाटलं, पण दुखलं नाही.”

आईच्या जठराच्या शेवटी जखम होती. डॉक्टर तिला अल्सर म्हणतात. जखमेच्या तळाला एक रक्तवाहिनी उघडी पडली होती आणि तिथून रक्त झिरपत होतं. नळीच्या आत आणखी एक बारीक वाट असते, त्यातून डॉक्टर अवजारं पाठवू शकतात. आधी पाण्यानं जागा धुतली. मग सुईनं भोवती इंजेक्शन दिलं, त्यानं रक्तवाहिनी आवळते आणि धार कमी होते. मग क्लिप. कपडे वाळत घालताना आपण तारेला चिमटा लावतो ना? तसाच तो, पण अगदी लहान, धातूचा, लांब तारेच्या टोकाला. आत गेल्यावर त्याचे दोन्ही पाय उघडतात, रक्तवाहिनीच्या दोन्ही बाजूंना टेकवतात, दाबतात आणि मिटवतात. चिमटा तिथे घट्ट बसतो, तार सुटून बाहेर येते. बस्स, रक्त थांबतं. धुरा फुटला तर आपण दोन्हीकडून माती ओढून दाबतो, तसंच. आईला दोन क्लिप लागल्या.

बाबांचा पहिला प्रश्न होता, “मंग ते काढाले कधी या लागते?” यावं लागत नाही. खालची जखम भरत आली की चिमटा आपोआप सुटतो आणि शीवाटे निघून जातो. बहुतेकांना कधी गेला ते कळतही नाही. काही जणांना तो बरेच दिवस राहतो, तरी त्रास देत नाही. फक्त त्या काळात एमआरआय काढायची वेळ आली तर पोटात क्लिप आहे हे आधी सांगायचं. म्हणून सुट्टीचा कागद ट्रंकेच्या तळाला घालू नका, हाताशी ठेवा.

ही काही कालची जादू नाही. वाकणाऱ्या काचतंतूंच्या दुर्बिणीनं जठर आतून बघणं १९५७ मध्ये सुरू झालं. चिमट्याची कल्पना जपानमधल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात मांडली, पण सुरुवातीचे चिमटे लावायला फार किचकट होते. सोपे, पक्के चिमटे नंतर आले. दुर्बिणीतून असे इलाज येण्याआधी असं रक्त थांबत नसेल तर पोट उघडण्याशिवाय फारसा उपाय नव्हता. म्हणजे मामाची भीती अगदीच खोटी नव्हती, जुनी होती.

पण मी तुम्हाला पुन्हा अर्धी गोष्ट सांगणार नाही. क्लिप लावली म्हणजे सगळं संपलं असं नाही. काहींना पुन्हा रक्त येतं, बहुतेक करून पहिल्या तीन दिवसांत. म्हणून लगेच घरी सोडत नाहीत, आणि आपणही ‘आता बरं वाटते’ म्हणून घाई करायची नाही. काहींना परत दुर्बीण लागते, क्वचित ऑपरेशनही लागतं. आणि प्रत्येक रक्तस्रावाला क्लिप लागत नाही. जखमेचा तळ स्वच्छ असेल तर आम्ल कमी करणाऱ्या औषधावर भरते. दारूनं लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, तिथे बहुतेक वेळा चिमटा नाही, रबरी कडं बांधतात. त्या माणसाला रक्ताची उलटी फार मोठी होते आणि वेळ फार थोडा असतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. मोहाची भट्टी कुठे लागते ते आपल्याला माहीत आहे. त्यावर आज बोलत नाही, तो विषय सुरू झाला तर जेवण राहील.

आता जखम झाली कशानं? दोन मोठी कारणं. एक जंतू, जठरातच राहणारा. ऑस्ट्रेलियातल्या वॉरेन आणि मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ च्या सुमारास तो शोधला. तोपर्यंत सगळं जग म्हणायचं की अल्सर तिखट खाऊन आणि चिंता करून होतो. मार्शल यांनी स्वतः ते जंतू पिऊन दाखवले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जंतूची तपासणी होते, आणि निघाला तर साधारण दोन आठवड्यांचं औषध असतं. ते मधेच सोडायचं नाही.

दुसरं कारण आपल्या पदराच्या गाठीत असतं. दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन. जठरात आम्ल असतं आणि त्यापासून जठराला वाचवणारा एक चिकट थर असतो. या गोळ्या तो थर बनणंच कमी करतात. पुडीत सोबत स्टेरॉइडची गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. आणि दुखणं दबलेलं असल्यानं पोटातली जखमही फार दुखत नाही, सरळ रक्तच येतं. आईचं पोट कधी दुखलंच नव्हतं.

जाता जाता सांगते. गिधाडं आपल्याकडून कशी गेली माहीत आहे? हेच डायक्लोफिनॅक. जनावरांना टोचायचे, जनावर मेलं की गिधाडं खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. गडचिरोलीत वनविभागानं गिधाडांना औषध नसलेलं मांस मिळावं म्हणून जागा केल्या. गिधाडाला वेगळा रोग होतो, बाईला वेगळा. पण गिधाडासाठी सरकारनं कायदा केला, आणि आपल्या बायांची पुडी अजून किराण्यातच मिळते, याचा मला राग येतो.

तुम्ही म्हणाल, ताई, मग दुखणं काढायचं कसं? रोवणी थांबते का? नाही थांबत. मी एसीत बसून सल्ला देणार नाही. दुखलं तर आधी साधी पॅरासिटामोल, तीही मोजून. ती पोटाला यांच्यामानानं सोसते. दुसरी गोळी लागणारच असेल तर डॉक्टरांनी लिहिलेली, जेवणानंतर, थोडे दिवस, आणि पोट सांभाळणारी गोळी सोबत लागेल का हे त्यांनाच विचारून. एक मात्र लक्षात ठेवा. हृदयासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर माझं भाषण ऐकून ती बंद करू नका. आधी त्यांना विचारा. आणि लोहाची गोळी तर कोणीही बंद करायची नाही. उद्या माझं नाव घेऊन कोणी गोळ्या चुलीत टाकल्या तर मी घरी येऊन भांडेन.

वेळ आली तर काय करायचं, ते आईच्या वेळी आमचं काय चुकलं त्यावरूनच सांगते. आम्ही तिला लिंबूपाणी पाजलं. पाजायचं नव्हतं, दुर्बिणीला पोट रिकामं लागतं. तिला उठवून बसवत होतो. आडवं ठेवायला पाहिजे होतं, उलटी येत असेल तर कुशीवर. ती कोणत्या गोळ्या खायची ते डॉक्टरांनी विचारलं तर कोणालाच नाव सांगता आलं नाही. पाकीट सोबत न्यायला हवं होतं. थेट नागपूरला पळायचं नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन आणि रक्ताची सोय होते, तिथून पुढे पाठवतात. पण ‘दुर्बीण कुठे होईल?’ हे तिथेच पहिल्या तासात विचारायचं. नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आपला उपचार त्यात बसतो का हे भरती होतानाच त्याला विचारा, सुट्टीच्या दिवशी नाही.

आणि ते पाच हजार. पुढच्या बैठकीत त्यावरून वाद झाला. एक काकू म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या वेळी पेटी उघडली नव्हती, हिच्या पोरीची नोकरी महासंघात आहे म्हणून उघडली. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्या वेळी खरंच उघडली नव्हती. शेवटी आईच्या गटानं ठराव केला: जीवावरच्या आजारात दवाखान्यात न्यायला, कोणत्याही सदस्याच्या घरासाठी, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीनं पाच हजारांपर्यंत त्याच वेळी द्यायचे, नोंद नंतर करायची, परतफेड तीन महिन्यांत. तो ठराव मी आज सोबत आणला आहे. ज्या गटांना हवा त्यांनी उतरवून घ्या, रक्कम तुमच्या पेटीप्रमाणे ठरवा. ग्रामसंघाच्या जोखीम निधीतूनही हे करता येतं, पण तिथे अर्ज लागतो आणि रात्री अर्ज कोण लिहिणार!

आई बरी आहे. तपासणीत जंतू निघाला होता, त्याचं औषध पूर्ण केलं. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ११ होतं, माझ्यापेक्षा बरं. या वर्षी अर्धीच रोवणी केली, अर्धी मजुरी बुडाली, त्यावरून रोज कुरकुर करते. त्या दोन क्लिप कधी गेल्या ते तिला कळलं नाही.

पुढच्या महिन्यापासून मी गावात येईन तेव्हा बचतीच्या वहीसोबत घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आणि पुड्या घेऊन बसा. मी कोणाला रागावणार नाही आणि काही फेकणारही नाही. नावं वाचू, लिहून ठेवू, आणि आशा ताईला दाखवू. सुरुवात नागभीडकडच्या गावांपासून आहे, तारखा तालुका कार्यालयात लावल्यात.